झारची गादी कशी गेली? युद्ध, पावाच्या रांगा आणि राजसत्तेचा शेवट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला दर रविवारी सकाळी आम्ही काही जण जगाच्या इतिहासाचा एक छोटा वर्ग चालवतो. कॉलेजची मुलं येतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे येतात, आणि पुढच्या रांगेत न चुकता चार-पाच निवृत्त गिरणी कामगार असतात. रशियातल्या झारशाहीचा शेवट हा विषय निघाला की दर वर्षी तेच प्रश्न येतात, आणि वेळ संपल्यावर जिन्यात उभं राहून बोलणं चालू राहतं. ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

राजसत्ता कोसळते म्हणजे नेमकं काय होतं?

राजाचा हुकूम सुटतो, पण खाली पोचत नाही. पोचला तरी कुणी पाळत नाही. राजवाड्यावर चालून गेलेला जमाव आपल्या डोळ्यांपुढे येतो, कारण चित्रांमध्ये तसं दाखवतात. फेब्रुवारी १९१७ मध्ये झार निकोलाय दुसरा याच्या अंगाला कुणी बोटही लावलं नव्हतं. तो राजधानीत नव्हताच. तरी ३०४ वर्षं चाललेलं रोमानोव्ह घराण्याचं राज्य आठवडाभरात गेलं.

राग तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या होता. १८६१ पर्यंत रशियातला कोट्यवधी शेतकरी जमीनदाराच्या मालकीचा होता, जमिनीबरोबर विकला जात होता. पण लोक रागावलेले असणं आणि गादी जाणं यांत फार मोठं अंतर असतं. ते अंतर युद्धाने तोडलं. युद्धाने शेतकऱ्याच्या हातात बंदूक दिली, बाईला पहाटे रांगेत उभं केलं, आणि राजाच्या अवतीभवतीच्या सेनापतींना व पुढाऱ्यांना विचार करायला लावलं की याच्याबरोबर आपण बुडायचं का. हे तिन्ही एकाच आठवड्यात जुळून आलं. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

पण झारला लेनिनने पाडलं ना?

नाही. हा गैरसमज इतका रुळलेला आहे की दर वर्षी तो पहिल्यांदा दूर करावा लागतो. झार गेला तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकला होता. जानेवारी १९१७ मध्ये तिथल्या तरुणांपुढे केलेल्या भाषणात तो म्हणाला होता की येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया पाहायला आमची जुनी पिढी कदाचित हयात नसेल. पुढच्या दोन महिन्यांत गादी रिकामी झाली. लेनिन रशियात परतला तो एप्रिलमध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये बोल्शेविकांनी, म्हणजे त्याच्या पक्षाने, जे सरकार हटवलं ते केरेन्स्कीचं हंगामी सरकार होतं. राजा त्याआधीच गेला होता.

मग तारखा दोन-दोन का सापडतात?

रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची, ती आपल्यापेक्षा १३ दिवस मागे. तिकडचा २३ फेब्रुवारी म्हणजे आपला ८ मार्च. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांनी ती बदलली. मी इथे राजधानीतल्या घडामोडींना जुन्या तारखा वापरल्या आहेत, नाहीतर ‘फेब्रुवारी क्रांती’ मार्चमध्ये कशी, असा नवा प्रश्न येतो.

निकोलाय मुंबईत आला होता, हे खरं का?

खरं आहे. युवराज असताना तो पूर्वेकडच्या लांबच्या सफरीवर निघाला आणि डिसेंबर १८९० मध्ये मुंबईत उतरला. गेटवे तेव्हा नव्हतं. धाकटा भाऊ गेऑर्गी त्याच्यासोबत होता, पण छातीच्या आजारामुळे त्याला इथूनच परत पाठवावं लागलं. निकोलाय पुढे आग्रा, दिल्ली, बनारस करत कलकत्त्याकडे गेला. चार वर्षांनी, १८९४ मध्ये, वडील गेल्यावर २६ व्या वर्षी तो गादीवर बसला.

रशिया युद्ध हरत होता, म्हणून राजा पडला. बरोबर ना?

अर्धं बरोबर. फक्त हरण्यामुळे राजा पडत असता तर निकोलाय १९०५ मध्येच पडायला हवा होता.

त्या वर्षी जपानने रशियाला जमिनीवर आणि समुद्रावर धूळ चारली. पोर्ट आर्थर गेलं, त्सुशिमाच्या लढाईत जवळजवळ सगळं आरमार बुडालं. त्याच वर्षी ९ जानेवारीला गापोन नावाच्या पाद्रीच्या मागून हजारो कामगार बायकामुलांसह हिवाळी राजवाड्याकडे निघाले होते. हातात देवाच्या तसबिरी होत्या, झारची चित्रं होती, अर्ज होता. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. राजा राजवाड्यात नव्हता, पण त्या दिवसानंतर ‘आपला बाप राजवाड्यात बसलाय, त्याला खरं कळलं तर तो न्याय करील’ हा लोकांचा जुना विश्वास कायमचा तडकला. पोटेम्किन युद्धनौकेवर बंड झालं, देशभर संप झाला. तरी राजा टिकला. का? ऑक्टोबरच्या जाहीरनाम्यात त्याने निवडून आलेली दुमा, म्हणजे संसद, देण्याचं कबूल केलं, त्यामुळे मध्यमवर्ग आणि कामगार यांची फाटाफूट झाली. जपानशी तह झाला. आणि सर्वांत मोठं कारण : एकूण सैन्याने हुकूम पाळला. डिसेंबरमध्ये मॉस्कोतला उठाव चिरडायला राजधानीतून गार्डची पलटण गेली आणि तिने तो चिरडला.

१९१७ मध्ये ती पलटण नावाला तीच होती. माणसं ती नव्हती. १९१४ च्या ऑगस्टमध्येच टॅनेनबर्गला रशियाचं एक आख्खं सैन्य संपलं, सेनापती सामसोनोव्हने स्वतःला गोळी मारून घेतली. १९१५ मध्ये पोलंड आणि लिथुआनिया सोडून माघार घ्यावी लागली. तोफगोळे नव्हते, बंदुका कमी होत्या. शेजारचा पडला की त्याची बंदूक उचलायची, अशा तयारीने माणसं खंदकात उतरत होती. राजाशी पिढीजात इमान राखणारे जुने अधिकारी आणि कसलेले शिपाई त्या दोन वर्षांत मातीत गेले. युद्धभरात दीड कोटीच्या आसपास माणसं सैन्यात ओढली गेली, आणि त्यांतली बहुतेक शेतकरी होती.

ऐकून नवल वाटेल, पण १९१७ च्या सुरुवातीला आघाडीवरची स्थिती १९१५ पेक्षा बरी होती. तोफगोळे पुरेसे येऊ लागले होते. १९१६ च्या उन्हाळ्यात सेनापती ब्रुसिलोव्हने ऑस्ट्रियाला मोठा तडाखाही दिला होता, जरी त्यात माणसं बेसुमार गेली. आघाडी टिकून होती. तुटली ती पाठ.

यात राजाची स्वतःची एक चूक मला सर्वांत जड वाटते. १९१५ च्या ऑगस्टमध्ये त्याने काकाला, ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविचला, बाजूला केलं आणि सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं. बहुतेक मंत्र्यांनी परोपरीने विनवलं, पत्र लिहिलं, की असं करू नका. तोवर पराभव कुणा ना कुणा सेनापतीचा असे. त्यानंतरचा प्रत्येक पराभव राजाचा झाला. आणि राजधानीतला कारभार राणी अलेक्सांद्राच्या सल्ल्याने चालू लागला. ती जन्माने जर्मन, आणि युद्ध जर्मनीशी.

देशात धान्य होतं म्हणतात. मग राजधानीत पाव का मिळेना?

हा प्रश्न पुढच्या रांगेतून येतो, आणि तो विचारणाऱ्यांना त्याचं उत्तर निम्मं माहीत असतं.

युद्धापूर्वी रशिया जगाला गहू विकणारा देश होता. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरल्यावर दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद झाली आणि निर्यातीचा गहू देशातच राहिला. म्हणजे धान्य जास्तच असायला हवं होतं. पण धान्य दक्षिणेत आणि व्होल्गाच्या काठी पिकायचं, आणि राजधानी पेट्रोग्राड (आजचं सेंट पीटर्सबर्ग) दूर उत्तरेत. मधली रेल्वे सैन्याची माणसं, घोडे, दारूगोळा वाहून मोडकळीला आलेली. डबे नादुरुस्त, इंजिनं बंद पडलेली, आणि त्या हिवाळ्यात बर्फाने रुळांवर मालगाड्या अडकून पडल्या.

दुसरं कारण शेतकऱ्याच्या अंगणात होतं. कारखाने सगळे युद्धाच्या मालाला लागले. कापड, खिळे, नांगराचा फाळ, दिव्याचं तेल बाजारात मिळेना, मिळालं तर परवडेना. सरकारने १९१४ मध्येच सोन्याचा आधार सोडून नोटा छापायचा सपाटा लावला होता, त्यामुळे रुबलची किंमत पडत होती. धान्याचा भाव मात्र सरकारने बांधून दिला. आता शेतकऱ्याने काय करावं? धान्य देऊन जो कागद हाती येणार त्याने काहीच विकत घेता येत नाही. त्याने ते कणगीत ठेवलं, गुरांना घातलं. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

दारूचाही भाग आहे. युद्ध सुरू होताच झारने व्होडकाची विक्री बंद केली. हेतू चांगला असेल, पण सरकारच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा दारूच्या मक्तेदारीतून येत होता. तो बुडाला, आणि भरून काढायला आणखी नोटा छापल्या.

राजधानीची वस्ती २० लाखांच्या वर गेली होती. युद्धकारखान्यांसाठी आलेले कामगार, आघाडीवरून पळून आलेले निर्वासित, छावण्यांतले सैनिक, सगळे तिथेच. फेब्रुवारीत बातमी पसरली की १ मार्चपासून पाव रेशनवर मिळणार. लोकांनी हाती लागेल ते घरात भरून ठेवायला सुरुवात केली आणि दुकानं रिकामी झाली. मुंबईत १९४३ मध्ये रेशन सुरू झालं तेव्हा ते कडक होतं, त्यात भेसळ होती, पण कार्डावर काहीतरी पदरात पडत होतं. पेट्रोग्राडच्या वाट्याला रेशन आलं ते अफवा म्हणून.

रांगेतल्या बायकांना तुम्ही इतकं महत्त्व का देता?

कारण मी रांगेत उभी राहिले आहे. लहानपणी लालबागला रॉकेलची गाडी यायची. आजी पहाटे डबा ठेवून जागा धरायची आणि शाळेची वेळ होईपर्यंत मला तिथे उभं करून घरी स्वयंपाकाला जायची. डब्यांना खडूने नंबर घातलेले असत. त्या रांगेत काय नाही कळायचं! कुणाच्या घरात काय संपलंय, कुठल्या दुकानदाराने मागच्या दाराने साखर कुणाला दिली, कुणाचा नवरा कामावरून कमी झाला. सात-आठ वर्षांच्या मुलीला तिथे सगळा मोहल्ला ऐकू यायचा. संपलं असं सांगून गाडी निघून गेली की त्या बायका गप्प घरी जायच्या नाहीत.

पेट्रोग्राडमध्ये उणे पंधरा-वीसच्या थंडीत कामगार बायका रात्रीपासून बेकरीपुढे उभ्या राहायच्या. तिथून थेट सुताच्या गिरणीत दहा-बारा तास. नवरे, भाऊ आघाडीवर. झारच्याच गुप्त पोलिसांनी वरिष्ठांना कळवलं होतं की रांगांत थकून गेलेल्या या आया राजकीय पुढाऱ्यांपेक्षा जास्त धोकादायक आहेत. हे अहवाल वाचले गेले, आणि पुढे काहीच झालं नाही.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन, थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनातला लाटणं मोर्चा आजही लोक आठवतात. मंत्र्यांना त्या मोर्चाची धास्ती होती. पण तिथे मंत्री होते, विधानसभा होती, पाच वर्षांनी मत देता येत होतं; राग बाहेर पडायला वाटा होत्या. रशियात रांगेतली बाई आणि राजा यांच्या मधे कुणीच नव्हतं. सगळी सत्ता माझी, असं म्हणणाऱ्या राजाच्या वाट्याला सगळा दोषही आला.

ते पाच दिवस क्रमाने सांगाल का?

२२ फेब्रुवारीला पुतिलोव्ह या अवाढव्य पोलाद कारखान्याने टाळेबंदी केली. त्याच दिवशी झार राजधानीजवळचा राजवाडा सोडून आघाडीमागच्या मुख्यालयात, मोगिल्योव्हला गेला.

२३ तारीख, गुरुवार, आंतरराष्ट्रीय महिला दिन. व्हिबोर्ग भागातल्या सूतगिरण्यांतल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. क्रांतिकारक पक्षांची त्या दिवशी संपाची योजना नव्हती. उलट धीर धरा, असंच कार्यकर्ते सांगत होते. बायका शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यांपुढे गेल्या, खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले, आतल्या पुरुषांना हाका मारून बाहेर काढलं. घोषणा एकच : पाव!

शुक्रवारी संप वाढला. पोलिसांनी नदीवरचे पूल अडवले तर लोक गोठलेल्या नेवा नदीवरून चालत शहराच्या मध्यभागी आले. शनिवारी दोन लाखांहून जास्त कामगार संपावर होते, ट्राम बंद, वर्तमानपत्रं बंद. ‘पाव’च्या जोडीला ‘युद्ध बंद करा’, ‘झारशाही मुर्दाबाद’ ऐकू येऊ लागलं. जमाव पांगवण्यासाठी ज्यांच्यावर भिस्त ठेवायची ते कोसॅक घोडेस्वार लोकांमधून नुसतेच घोडे हाकत गेले. त्या रात्री झारची तार आली : राजधानीतली गडबड उद्याच्या उद्या थांबवा.

रविवारी गोळीबार झाला, अनेक माणसं मेली. संध्याकाळपर्यंत रस्ते रिकामे झाले आणि सरकारला वाटलं की संपलं. सोमवारी सकाळी सैन्य उलटलं.

सैनिक उलटले कसे? त्यांनीच तर आदल्या दिवशी गोळ्या झाडल्या होत्या.

त्यामुळेच तर उलटले.

झ्नामेन्स्काया चौकात रविवारी गोळ्या झाडणाऱ्यांत व्होलिन्स्की पलटणीची प्रशिक्षण तुकडी होती. रात्री बराकीत कुणाला झोप लागेना. तिमोफेय किर्पिच्निकोव्ह नावाचा हवालदार होता, पंचविशीतला. त्याने आणि सोबत्यांनी रात्रीच ठरवलं की उद्या गोळी झाडायची नाही. सकाळी तुकडी रांगेत उभी असताना कॅप्टन लाश्केविच आला आणि झारचा हुकूम ऐकवू लागला. शिपायांनी नकार दिला. कॅप्टन वळून अंगणात उतरला आणि मागून आलेल्या गोळीने तिथेच पडला.

आता या शिपायांना परतीची वाट राहिली नाही. एकट्या तुकडीने बंड केलं तर सगळे फासावर जाणार. वाचायचं तर शेजारच्या बराकीही उठवायला हव्यात. ते धावत प्रिओब्राझेन्स्की आणि लितोव्स्की पलटणींच्या बराकींकडे गेले. संध्याकाळपर्यंत हजारो सैनिक कामगारांत मिसळले, शस्त्रागारं उघडली, तुरुंगाची दारं फुटली. राजधानीच्या छावण्यांत दीड लाखाहून जास्त सैनिक होते. त्यांतले बरेचसे नवे भरती झालेले, चाळिशीचे राखीव किंवा जखमेतून बरे होऊन पुन्हा आघाडीवर जायची वाट बघणारे. बाहेर रांगेत ज्या बायका उभ्या होत्या, तशीच त्यांची घरची माणसं कुठेतरी उभी होती.

मुंबईकरांना इथे फेब्रुवारी १९४६ आठवतो. १८ तारखेला ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अपमानाची वागणूक यांवरून काम बंद केलं, आणि बघता बघता ७८ जहाजं व सुमारे २० हजार खलाशी त्यात आले. लोकांनी त्यांना खाऊ-पिऊ घातलं, गिरणगावाने हरताळ पाळला, रस्त्यांवर दोनशेहून जास्त माणसं गोळीबारात मेली. तरी ते बंड पाच-सहा दिवसांत मिटलं. ब्रिटिशांकडे बाहेरून आणायला गोरं सैन्य होतं, आणि वल्लभभाई पटेलांसारख्या नेत्यांनी खलाशांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. पेट्रोग्राडमध्ये या दोन्हींपैकी एकही गोष्ट झाली नाही. झारने आघाडीवरून जनरल इव्हानोव्हला फौज देऊन धाडलं, पण ती शहरापर्यंत जाऊन काही करू शकली नाही.

राजा या सगळ्यात कुठे होता?

आगगाडीत. मला या आख्ख्या कथेत हा भाग विलक्षण वाटतो.

२८ फेब्रुवारीच्या पहाटे त्याची खास गाडी मोगिल्योव्हहून निघाली. त्याला कुटुंबाकडे पोचायचं होतं. मुलांना गोवर आला होता. इकडे राजधानीत दुमाचे सदस्य बुब्लिकोव्ह यांनी रेल्वे खात्याचा ताबा घेऊन देशभरच्या स्टेशनांना तारा धाडल्या की सत्ता आता दुमाच्या हाती आहे. रात्री मालाया विशेरा स्टेशनावर राजाला कळलं की पुढची स्टेशनं बंडखोरांकडे आहेत. गाडी मागे वळली, द्नो जंक्शनवरून पश्चिमेला गेली आणि १ मार्चच्या संध्याकाळी प्स्कोव्हला थांबली, कारण तिथे उत्तर आघाडीचं मुख्यालय होतं आणि तारयंत्र होतं.

२ मार्चला सकाळी सरसेनापतीचे चीफ ऑफ स्टाफ अलेक्सेयेव्ह यांनी सगळ्या आघाड्यांच्या सेनापतींना तारेने विचारलं की राजाने गादी सोडावी का. उत्तरं दुपारपर्यंत आली. ब्रुसिलोव्ह, एव्हर्ट, आणि खुद्द काका निकोलाय निकोलायेविच : सोडा. त्यांचा हिशेब सरळ होता. राजाला वाचवायला राजधानीवर फौज पाठवली तर तीही फितेल आणि आघाडी कोसळेल. युद्ध वाचवायचं तर राजा जाऊ दे. रात्री दुमाकडून गुच्कोव्ह आणि शुल्गिन आले, आणि डब्यातच निकोलायने कागदावर पेन्सिलीने सही केली. आजारी मुलाला आपल्यापासून दूर करावं लागेल म्हणून त्याने मुलाच्या वतीनेही हक्क सोडला आणि भाऊ मिखाईलचं नाव लिहिलं. त्या रात्री त्याने रोजनिशीत लिहिलं : चहूकडे देशद्रोह, भेकडपणा आणि फसवणूक.

दुसऱ्या दिवशी मिखाईलने विचारलं की माझ्या जिवाची हमी देता का. दुमाचे अध्यक्ष रोद्झ्यान्को ती देऊ शकले नाहीत. मिखाईलने नकार दिला.

रासपुतिन नसता तर?

तरी पाव मिळाला नसता. युवराज अलेक्सेयला रक्त न गोठण्याचा आजार होता, आणि रासपुतिन या साधूमुळे त्याला आराम पडतो असा आईचा पक्का विश्वास होता. आजार लोकांपासून लपवलेला, त्यामुळे राणीभोवती हा माणूस का, हे कुणाला कळेना, आणि नको त्या वदंता पसरल्या. राजघराण्याची अब्रू गेली, हे त्यातून झालेलं खरं नुकसान. डिसेंबर १९१६ मध्ये युसुपोव्ह वगैरे राजनिष्ठ उमरावांनी त्याला मारलं, राजाला वाचवण्यासाठी. दोन महिन्यांत राजा गेला.

मग इंग्लंडचा राजा कसा वाचला? तो तर याचा भाऊच होता.

पंचम जॉर्ज आणि निकोलाय मावसभाऊ, दिसायलाही जुळ्यांसारखे. ज्या जॉर्जच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया बांधलं, तोच हा.

त्याच डिसेंबर १९१६ मध्ये लंडनमध्येही युद्ध कसं चालवलं जातंय यावरून असंतोष शिगेला पोचला होता. तिथे पंतप्रधान ॲस्क्विथ गेले, लॉइड जॉर्ज आले, राजा जागेवर राहिला. रशियात निकोलायने वर्षभरात चार पंतप्रधान बदलले, पण ते त्याच्या मर्जीने. लोकांना किंवा दुमाला कुणाला हटवायची सोय नव्हती. दुमाच्या व्यासपीठावरून मिल्युकोव्हने नोव्हेंबरात सरकारची एकेक चूक मांडत विचारलं होतं की हा मूर्खपणा आहे की देशद्रोह. उत्तर द्यायला कुणी बांधील नव्हतं.

जॉर्ज सावधही होता. पदच्युत मावसभावाला इंग्लंडमध्ये आसरा द्यायचं आधी ठरलं होतं, ते त्याने मागे घ्यायला लावलं, आणि जुलै १९१७ मध्ये घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं.

जर्मनी, ऑस्ट्रिया, तुर्कस्तान यांचंही तसंच झालं का?

साधारण त्याच वाटेने. जर्मनीत १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी सलगमावर काढला, आणि ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीला आरमारातल्या खलाशांनी शेवटच्या निरर्थक लढाईला जायला नकार दिला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कील बंदरात बंड झालं. आठवडाभरात कैसर हॉलंडला पळाला. ऑस्ट्रियात भुकेच्या जोडीला चेक, हंगेरियन, दक्षिण स्लाव असे सगळे लोकसमूह वेगळे व्हायला निघाले. तुर्कस्तानची सुलतानशाही १९२२ मध्ये संपली आणि खिलाफत १९२४ मध्ये. त्या खिलाफतीसाठी चळवळ उभी राहिली तिचं मोठं केंद्र आपली मुंबई होती.

आपल्याकडे १८१८ मध्ये पेशवाई गेली, ते याच प्रकारात बसतं?

नाही. तो परक्या सत्तेने लढून केलेला पराभव होता. शेजारचा नेपाळ मात्र बसतो. दहा वर्षांचं माओवादी यादवी युद्ध चालू असताना राजा ज्ञानेंद्रने १ फेब्रुवारी २००५ ला सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला. निकोलायने १९१५ मध्ये केलं तेच. एप्रिल २००६ मध्ये १९ दिवसांच्या जनआंदोलनापुढे तो झुकला आणि २८ मे २००८ ला राजेशाही रद्द झाली. आमच्या वर्गाच्या इमारतीत तेव्हा रात्रपाळीला असणारे नेपाळी दाजू रोज माझ्याकडून वर्तमानपत्र मागून घ्यायचे आणि काठमांडूची बातमी दोनदा वाचायचे.

तेव्हाच्या मुंबईतल्या कामगारांचा रशियाशी काही संबंध होता का?

होता, आणि तो आधी इकडून तिकडे गेला. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. लेनिनने त्याच वर्षी त्या संपावर लिहिलं, की हिंदुस्थानातला कामगार जाणीवपूर्वक राजकीय लढ्यापर्यंत आला आहे. पुढे महायुद्धाची महागाई आणि इन्फ्लुएन्झाची साथ सोसून जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखभर गिरणी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. पुढच्या रांगेतले आमचे एक काका सांगतात की त्यांचे आजोबा त्या संपात होते.

झारच्या कुटुंबाचं काय झालं? अनास्तासिया वाचली होती का?

नाही वाचली. १६-१७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबुर्गमधल्या इपातिएव्ह यांच्या घराच्या तळघरात निकोलाय, अलेक्सांद्रा, चार मुली आणि तेरा वर्षांचा अलेक्सेय यांना बोल्शेविकांनी गोळ्या घातल्या. सोबत डॉक्टर बोत्किन, मोलकरीण, आचारी आणि नोकर असे चौघे होते. एकूण अकरा जणं. बहुतेकांचे अवशेष १९९१ मध्ये उकरून काढले आणि १९९८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पुरले. उरलेल्या दोन मुलांचे २००७ मध्ये सापडले. डीएनए तपासणीने ओळख पटली. पाव मागणाऱ्या बायकांच्या बाजूने मी वर इतकं लिहिलं, त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण तळघरातल्या त्या मुलांनी कुणाचा पाव हिरावला नव्हता, आणि वर्गात कुणी ‘राजाची पोरं होती, झालं ते ठीकच झालं’ असं म्हणालं की मी तिथेच थांबवते.